जुन्या चित्रपटांचे मूळ रंग : 'मंथन'च्या निमित्ताने

मंडळाच्या वाचनालयात मागे एकदा गप्पा चालल्या होत्या. एका सभासदांच्या नातवाने मोबाईलवर 'मंथन' चित्रपटातले एकाच प्रसंगाचे दोन तुकडे दाखवले. एक जुन्या कॅसेटवरून उतरवलेला, दुसरा अलीकडे दुरुस्त झालेल्या प्रतीतला. पहिल्यात सगळे गाव विटकरी दिसत होते, माणसांचे चेहरेसुद्धा. दुसऱ्यात आकाश निळे, चारा हिरवा आणि स्मिता पाटीलचा चेहरा सावळा. मुलाने विचारले, "आजोबा, यातला खरा कुठला?" आम्ही सात-आठ जण तिथे होतो, बहुतेकांनी चित्रपट पाहिलेला. पण छातीठोक उत्तर कुणालाच देता आले नाही.

त्यानंतर या विषयावर जे वाचले, जाणकारांना विचारले, ते सभासदांसाठी इथे एकत्र लिहून ठेवतो. चित्रपटाचे तंत्र हा माझा विषय नाही. सारी हयात बँकेत गेली. हिशेब जुळला नाही तर झोप लागत नाही, एवढीच या लेखामागची पात्रता.

हा चित्रपट आपल्या शेजारचा

आपल्या बडोद्यापासून आणंद तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे 'मंथन'ची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते, तरी थोडक्यात सांगतो. १९७६चा हा चित्रपट श्याम बेनेगल यांनी केला. डॉ. व्हर्गीस कुरियन आणि खेडा जिल्ह्यातल्या दूध सहकारी चळवळीवरून तो सुचला. त्यासाठी लागणारे दहा लाख रुपये कुणा शेठजीने दिले नाहीत. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, म्हणजे एका दिवसाच्या दुधाच्या पैशांतून दोन रुपये कमी घेतले. पाच लाख गुणिले दोन. इतका सरळ हिशेब असलेला दुसरा चित्रपट मला तरी माहीत नाही. प्रदर्शित झाल्यावर हे निर्माते ट्रकांत बसून आपला चित्रपट पाहायला गेले.

आपल्या मराठी मंडळींचा त्यातला वाटाही मोठा आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मिता पाटील आणि डॉ. मोहन आगाशे हे दोघे पुण्याचे. संवाद कैफी आझमींचे, संगीत वनराज भाटियांचे, छायाचित्रण गोविंद निहलानींचे. चित्रण मात्र खेड्यात म्हणजे आपल्या खेडा जिल्ह्यात नाही, तर सौराष्ट्रात, राजकोटजवळच्या सांगणवा गावात झाले.

चित्रपटगृहांतून उतरल्यावर चित्रपटाचे खरे काम सुरू झाले. कुरियन यांनी त्याच्या १६ मि.मी.च्या प्रती काढून गावोगाव पाठवल्या. सोबत गुरांचा डॉक्टर, दुधाचा तंत्रज्ञ आणि चाऱ्याचा जाणकार असे पथक असे. आधी चित्रपट दाखवायचा, मग सोसायटी काढायची का, ते विचारायचे.

असा एक खेळ मी पाहिला आहे. १९८५-८६च्या सुमारास खेडा जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. म्हशींसाठी कर्ज द्यायचे आणि सोसायटीने दुधाच्या बिलातून हप्ता कापून बँकेत भरायचा, असे आमचे काम. एका गावात संध्याकाळी वसुलीच्या याद्या जुळवत बसलो असताना डेअरीच्या अंगणात पडदा बांधला गेला. शेजारी एक पोक्त बाई बसल्या होत्या, आमच्याच खातेदार. मी विचारले, पहिल्यांदा पाहताय का? त्या म्हणाल्या, "आ तो अमारी फिल्म छे, भाई. बे रुपिया आप्या'ता." पुढे सगळा वेळ त्या पडद्यावरच्या म्हशींना नावे ठेवत होत्या.

त्या रात्रीचा चित्रपट माझ्या डोळ्यांत लालसर आहे. तांबूस माती, तांबूस उन्हाळा, बायकांच्या ओढण्या सगळ्या गुलाबी. मला वाटे, दिग्दर्शकाने सौराष्ट्राचा उन्हाळा मुद्दाम असा दाखवला. चाळीसएक वर्षे तसेच वाटत होते. आता कळते की त्यातला बराचसा उन्हाळा प्रयोगशाळेतल्या रसायनांचा होता.

रंग लाल का होतो

१९५०च्या आसपास कोडॅकची ईस्टमनकलर फिल्म आली आणि पुढच्या काही वर्षांत जगभर तीच पद्धत रुळली. या फिल्मवर रंगांचे तीन थर एकावर एक असतात: पिवळा, किरमिजी आणि निळसर-मोरपिशी. तिन्ही मिळून सगळी रंगसंगती होते. हे रंग रासायनिक असल्याने अंधाऱ्या डब्यात ठेवलेले असतानाही उडतात, आणि तिन्ही सारख्या वेगाने उडत नाहीत. त्या काळच्या प्रतींमध्ये निळसर थर सगळ्यात आधी दगा देतो, पिवळाही फिका पडतो, किरमिजी टिकून राहतो. म्हणून जुनी प्रत गुलाबी-लाल दिसते. तीन भागीदारांपैकी दोघे भांडवल काढून गेले आणि दुकानावर तिसऱ्याचीच पाटी राहिली, तशातला प्रकार. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून कमी उडणाऱ्या रंगांची फिल्म मिळू लागली. त्यापूर्वीच्या प्रती बहुतेक या रोगाने ग्रासलेल्या आहेत.

याआधीच्या टेक्निकलर पद्धतीचे तसे नव्हते. तिच्यात छपाईच्या वेळी प्रत्येक रंगाचा साचा वेगळा आणि एकेक रंग पाळीपाळीने फिल्मवर उमटवायचा. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे, त्याचाच हा चुलतभाऊ. आपल्या कलाभवनात १८९०च्या सुमारास चित्रकला आणि छायाचित्रण शिकलेले दादासाहेब फाळके पुढे लोणावळ्याजवळ राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात शिळाछपाईचेच काम करत होते, हे जाता जाता. तर या पद्धतीचे रंग टिकाऊ. पन्नास वर्षांनी टेक्निकलरची प्रत उघडली तरी रंग बहुतांशी होते तसे सापडतात. पद्धत महाग पडत असल्याने ती मागे पडली.

रंगाखेरीज दुसरा शत्रू म्हणजे फिल्मची पट्टी स्वतःच. ॲसिटेटची पट्टी उष्ण आणि दमट हवेत कुजू लागते, तिला शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, आंबट वास येतो. ती आक्रसते, वेडीवाकडी होते. आणि हा रोग शेजारच्या डब्यालाही लागतो. त्याहून जुनी नायट्रेटची फिल्म तर चटकन पेट घेणारी. पुण्यात जुन्या प्रभातच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला २००३ साली आग लागली आणि आपल्या सुरुवातीच्या काळातले बरेच काही गेले.

चाहत्यांचा उद्योग

सरकार, कंपनी किंवा संग्रहालय करत नाही म्हणून साध्या प्रेक्षकांनी हे काम अंगावर घेतल्याचे सर्वात गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. 'स्टार वॉर्स' १९७७ साली आला. वीस वर्षांनी, १९९७ साली, दिग्दर्शक जॉर्ज ल्युकस यांनी त्यात नवी दृश्ये आणि संगणकावरच्या करामती घालून तो पुन्हा प्रदर्शित केला. पुढच्या आवृत्त्यांत रंगही बदलत गेले, आणि पहिला चित्रपट चांगल्या स्वरूपात मिळेनासा झाला. निर्मात्यांच्या दृष्टीने सुधारलेला तोच खरा. पण ज्यांनी लहानपणी थिएटरात पाहिला होता त्यांना तो मान्य नव्हता.

मग काही चाहत्यांनी जुन्या ३५ मि.मी.च्या प्रती मिळवल्या, स्वखर्चाने स्कॅन केल्या आणि एकेक चौकट साफ केली. '४के७७' नावाचा त्यांचा प्रकल्प २०१८ साली पुरा झाला. त्यातला सुमारे ९७ टक्के भाग १९७७च्या एकाच मूळ टेक्निकलर प्रतीवरून घेतलेला आहे. आता वरचा परिच्छेद आठवावा. टेक्निकलरचे रंग उडत नाहीत, म्हणून या मंडळींच्या हाती तरी भरवशाचा पुरावा होता. दुसऱ्या एका गटाने ईस्टमनची लाल पडलेली प्रत घेतली असती तर नुसता वाद उरला असता. जून २०२५मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ची तशीच एक जुनी टेक्निकलर प्रत लोकांना दाखवली, तेव्हा तिकिटांसाठी झुंबड उडाली होती.

या उद्योगाला कायद्याचे पाठबळ नाही, हेही नोंदवायला हवे. चित्रपटाचे हक्क दुसऱ्याचे आणि काम हौशी माणसांचे. त्यांनी ते विकले नाही, ही त्यांची बाजू. मी आयुष्यभर सही आणि शिक्का तपासत आलो, त्यामुळे माझे मन पूर्णपणे त्यांच्या बाजूने जात नाही. पण त्यांच्यावाचून ती प्रत लोकांना दिसलीच नसती, हेही खरे.

आपल्याकडे हेच वेड रीतसर मार्गाने चालले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून डबे गोळा केले. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे आज आहेत त्यांत नायर यांच्या खटपटीचा वाटा मोठा आहे. त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट काढणारे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४ साली मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था काढली. ती सरकारी नाही. चित्रपटावर जीव असलेल्या माणसाने सुरू केलेले काम आहे. 'मंथन'ची दुरुस्ती याच संस्थेने केली आणि खर्चाला गुजरातचा दूध महासंघ, म्हणजे अमूल, उभा राहिला. पाच लाख निर्मात्यांचा वारसदारच म्हणायचा.

खरा रंग कोण सांगणार

'मंथन'ची मूळ कॅमेरा निगेटिव्ह पुण्याच्या संग्रहालयात होती आणि ३५ मि.मी.ची एक प्रत फाउंडेशनकडे होती. आवाज त्या प्रतीवरून घेतला. चेन्नईची प्रसादची प्रयोगशाळा आणि इटलीत बोलोन्या इथली प्रयोगशाळा यांचे काम झाले. चित्रपट १३४ मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर १ लाख ९२ हजार ९६० चौकटी होतात. मी हा गुणाकार दोनदा केला. यातल्या प्रत्येक चौकटीवर धूळ, ओरखडे, डाग पाहायचे आणि मग दृश्यामागून दृश्य रंग जुळवायचे.

रंग जुळवताना मोठी अडचण अशी की उडालेला रंग संगणक परत आणू शकतो, पण तो किती होता हे संगणकाला ठाऊक नसते. निगेटिव्हमध्येही रंग शिल्लक असला तरी प्रत छापताना प्रयोगशाळेत कोणत्या रंगाचा प्रकाश किती सोडायचा हे तेव्हा माणूसच ठरवत असे, आणि तो निर्णय निगेटिव्हवर लिहिलेला नसतो. 'मंथन'च्या बाबतीत त्यात आणखी भर पडली. तेव्हा कच्ची फिल्म सहजी मिळत नसे, त्यामुळे निहलानींना वेगवेगळ्या जातींच्या फिल्मवर चित्रण करावे लागले. प्रत्येक जातीचा हिरवा वेगळा, त्वचा वेगळी. ते सगळे एका गावाचे, एका उन्हाचे वाटले पाहिजे.

नशिबाने बेनेगल आणि निहलानी दोघेही हयात होते आणि दोघांनीही दुरुस्तीवर देखरेख केली. ज्याने चित्रण केले तोच शेजारी बसून 'हे बरोबर, हे नाही' म्हणतो, यासारखा पुरावा नाही. तरीही पंचेचाळीस वर्षांनंतरची आठवण ही आठवणच. म्हणून तिला जुन्या प्रतीचा, माणसांच्या त्वचेचा, मातीचा, कपड्यांचा आधार घ्यावा लागतो. मे २०२४मध्ये ही प्रत कान महोत्सवात दाखवली गेली आणि १ व २ जूनला भारतात अनेक शहरांत लागली. १ जून हा जागतिक दुग्धदिन. त्याच वर्षी २३ डिसेंबरला बेनेगल गेले. काम आणखी वर्षभर रेंगाळले असते तर अर्धा साक्षीदार कमी झाला असता.

'शोले'ची हकीगत याहून कठीण. त्याची मूळ निगेटिव्ह व्हिनेगरच्या रोगाने कामातून गेली होती आणि ७० मि.मी.ची एकही मूळ प्रत उरली नव्हती. लंडन आणि मुंबईच्या कोठारांत सापडलेल्या मधल्या टप्प्यावरच्या प्रतींवरून, त्याच फाउंडेशनने, काम केले. जून २०२५मध्ये बोलोन्यात तो दाखवला गेला. सेन्सॉरमुळे १९७५ साली बदलावा लागलेला शेवटही, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो, त्यात परत आला आहे.

रंग चढवणे वेगळे

मंडळात काहींनी 'मुगल-ए-आझम'चे नाव घेतले होते. तो प्रकार निराळा. १९६०चा तो चित्रपट बहुतांश कृष्णधवल होता, थोडी रिळे रंगीत होती. २००४ साली त्याला संगणकाने संपूर्ण रंगीत केले. लोकांना आवडले, माझ्या सौ.लाही आवडले. पण जे नव्हतेच ते घालणे आणि जे होते ते परत आणणे यांत फरक आहे. आपल्या रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रे आठवावीत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असलेल्या त्या भिंती जिथे उडाल्या आहेत तिथे उडालेल्याच दिसतात. उद्या कुणी तिथे पेंटर लावला तर आपण गप्प बसू का?

आणि काही चित्रपटांचा मूळ रंगच फसलेला असतो. प्रभातचा 'सैरंध्री' (१९३३) हा त्यातला. कोल्हापुरात चित्रण करून व्ही. शांताराम निगेटिव्ह घेऊन जर्मनीला गेले, तिथे रंगीत प्रती काढल्या, आणि हाती आले ते भडक आणि विस्कटलेले रंग. पुढे प्रभातने रंगाचा नाद सोडला. पूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट म्हणून 'किसान कन्या'चे (१९३७) नाव आले. शांतारामबापूंनी 'झनक झनक पायल बाजे'मध्ये (१९५५) टेक्निकलर वापरून आपली हौस पुरी केली. आज 'सैरंध्री' कुणी दुरुस्त करायला घेतला तर त्याने शांतारामांच्या मनातला रंग द्यायचा की जर्मनीतून आलेला? माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. कागदावर जे आहे तेच खात्यावर. पण यावर भांडायला माझी तयारी आहे.

'मंथन'ची नवी प्रत मी आणि सौ.ने मुंबईला मुलीकडे गेलो असताना पाहिली. खरे सांगायचे तर पहिली दहा-पंधरा मिनिटे चुकल्यासारखे वाटले. माझे लाल गाव कुठे गेले? नंतर स्मिता पाटीलची ओढणी, चुलीजवळचा अंधार, म्हशीच्या पाठीवरचे ऊन दिसू लागले आणि मी तक्रार विसरलो. त्या खातेदार बाईंची आठवण झाली. त्यांनी ज्यासाठी दोन रुपये दिले होते ते त्यांना डेअरीच्या अंगणात पूर्ण पाहायला मिळालेच नव्हते.

घरातल्या रिळांविषयी

आता आपल्या उपयोगाचे. आपल्यापैकी अनेकांकडे जुन्या ८ मि.मी.च्या फिल्म, स्लाइड किंवा निगेटिव्ह असतील. विशेषतः ज्यांचे कुणी आफ्रिकेत किंवा विलायतेत होते त्यांच्याकडे. त्यांतल्या कोडॅक्रोमच्या असतील तर रंग अजून उत्तम असण्याची शक्यता आहे, ती फिल्म अंधारात फार टिकते. डबा उघडून वास घ्यावा. आंबट वास आला तर तो डबा बाकीच्यांपासून वेगळा करावा आणि लवकर स्कॅन करून घ्यावा. माळ्यावर किंवा गच्चीखालच्या खोलीत ठेवू नये. आपल्या बडोद्याचा उन्हाळा आणि त्यानंतरचा दमट पावसाळा दोन्ही घातक. जुन्या प्रोजेक्टरवर लावून पाहण्याचा मोह टाळावा, आक्रसलेली फिल्म दातेरी चाकात फाटते. स्कॅन झाल्यावर मूळ रीळ फेकू नये. कुणाकडे एखाद्या जुन्या मराठी किंवा गुजराती चित्रपटाचा डबा निघाला तर पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे.

फोटोंचेही हेच. आमच्या लग्नाचा आल्बम पूर्ण लाल पडला होता. निगेटिव्ह मागायला गेलो तर ज्यांच्याकडून फोटो काढले त्यांनी जागा बदलताना सगळ्या टाकून दिल्या होत्या. सौ.चे म्हणणे की शालू हिरवा होता. फोटोत तो चक्क तपकिरी. मुलीने संगणकावर दोनदा हिरवा करून दाखवला, दोन्ही वेळा सौ.ने मान हलवली. शेवटी पेटीतून शालूच काढला. वरच्या घडीवर तोही विटलेला, पण पदराची आतली घडी उलगडली तर चाफ्याच्या पानासारखा रंग जसाच्या तसा. तो खिडकीजवळ धरून मुलीने फोटोतला रंग जुळवला, आणि एक रंग जुळताच माझा फेटा, मांडवाचे कापड, मामांचा कोट आपोआप ठिकाणावर आले. सासूबाईंच्या नऊवारीचे मात्र अजून नक्की होत नाही. ती जांभळी होती असे सौ. म्हणते, तिची धाकटी बहीण म्हणते डाळिंबी.